ब्लॉगचा कागद फॅक्सवर गेला तेव्हा

माझा ब्लॉग मधेच बंद होतो अन् ऐन कामाच्या दिवसांत चालू होतो, म्हणून हसता ना? ऐका मंग.

जालन्यात, नवीन जालना भागात, बियाण्याच्या कंपनीत होतो. जानेवारीपासून ऑफिसात माशा मारल्या, पण चार महिने ब्लॉगवर एक ओळ लिहिली न्हाई. मे महिन्यात कपाशीच्या बियाण्याची घाई सुरू झाली अन् मला सुचायला लागलं. एका कागदावर लिहिलं, "मित्रांनो, चार महिने गायब होतो, रागावू नका. परत आलोय, पण किती दिवस टिकेल सांगता येत नाही." दुसऱ्या कागदावर दुकानदारांसाठी सूचना होती, की माल सोमवारी येईल.

दुकानदारांना फॅक्स केला अन् जेवणाच्या सुट्टीत नेट कॅफेत गेलो. टाइप करायला खिशातून कागद काढला, तर ती सूचना निघाली.

पळत ऑफिसात आलो. फोनवर अंबडचे एक म्हातारे दुकानदार होते.

"रागावलो न्हाई भाऊ," ते म्हणले. "पण किती दिवस टिकेल म्हंजे? माल संपून राह्यला का? माझ्या शंभर पिशव्या जल्दी बाजूला काढा."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे तसेच फोन. मंग साहेबांनी केबिनमधे बोलावलं. मनात म्हणलं, गेली नोकरी. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला.

"पुढच्या वर्षी पण चार महिने गायब व्हायचं," ते म्हणले. "अन् मे महिन्यात असंच परत यायचं."

साहेब रिटायर झाले, पण त्यांचा हुकूम मी अजून मोडला न्हाई.