आत्येनं तबकड्यांना ऊन दाखवलं

ग्रामोफोनचं नाव काढू नका माझ्यापुढे! ताईच्या डोहाळजेवणाला देवरूखच्या मामांकडून मागून आणलेला, तबकड्या मुंबईहून बोटीनं मागवलेल्या. आधी कुठली लावायची, यावर चार दिवस घोळ घातला मी. दुपारी सगळी आळी जमली, पेटीला चावी दिली, बघतो तर तबकड्या जागेवर नाहीत.

"आत्ये, तबकड्या कुठायत?"

"खळ्यात. बोटीतून दमट होऊन आल्या असतील, म्हणून सकाळीच आंब्याच्या साठांशेजारी वाळत घातल्या."

धावलो. साठं सुरेख वाळली होती. तबकड्या भाजलेल्या पापडासारख्या वाकड्या! एक हातात घेतली आणि रडूच फुटलं. आत ताई गाण्याची वाट बघत होती.

आत्येनं पाठीवर हात ठेवला. "रडतोस काय? उद्या पालथ्या घालते, होतील सरळ."