उजव्या गालावर तीळ

—नाही काका, बॅनरवरचा मजकूर तोच ठेवते, 'आई, मला जगू दे', लाल, ठसठशीत. फक्त बाळ बदलू या म्हणतेय. हे टोपीवालं बघा, हे जांभई देणारं—काय? लोक त्या जुन्यापाशीच थांबतात? थांबणारच. आमच्या वहिनीची धाकटी आहे ती, फोटो मीच काढलाय मोबाईलवर. विकतचे फोटो आमच्या मालकांच्या जिवावर येतात, मग काय, घरचं बाळ. तुमच्या आधी समोरच्या पार्टीच्या बॅनरवर हीच होती—चिडू नका—'आधी पाळणाघर द्या, मग उपदेश', असलं काहीतरी. तुम्हाला उलटी फिरवून दिली, डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर. दोन्ही पार्ट्या खूश. पोरीला काय, ती दोन्हीकडे हसतेय.

वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेलेत. सरकारी भत्ता दोन मुलांपुरताच, तिसऱ्याला भोपळा. पाळणाघराच्या यादीत अजून धाकटीचाच नंबर लागलेला नाही. दादाचं काम आज आहे तर उद्या नाही, वहिनी पॅकिंगला, दिवसभर उभी, पोट दिसलं की घरी बसवतात. दोघांनी मिळून ठरवलं, पाडायचं, रडारड नाही काही. मंगळवारी दवाखान्यात गेली, तर फाटकावर तुमचा बॅनर. म्हणजे माझाच. दहा बाय आठ. स्वतःची पोर म्हणतेय, मला जगू दे. तीळ फिरवला म्हणून आई ओळखणार नाही का? तशीच परत आली. भाजी निवडत बसली, मीपण बसले—जुडी संपल्यावर बघतो तर देठं भांड्यात आणि पानं कचऱ्यात. दोघींनाही कळलं नव्हतं. आता सोमवारी दहाची वेळ दिलीये, ती चुकली की कायद्याची मुदत संपली—हे तुम्हाला कशाला सांगतेय मी.

हो, वाऱ्याने फाटला, कळलं, नवा सोमवारी आठला हवा. हीच पोर हवी. बरं. मालक आत बसलेत, नाही कशी म्हणू? पण आठला नाही मिळणार. मशीनला काम आहे. कसलं काम? आहे. दुसरीकडे जा ना, पण तिथे ही पोर नाही मिळायची, ती आमच्या घरी असते. तुम्ही उभे राहा फाटकावर, घोषणा द्या, मी कोण अडवणारी? पोर तेवढी बाराला मिळेल. बारा म्हणजे बारा. सरका जरा काका, मागे लोक थांबलेत. बोला ताई, तुमचं काय?