ताईंचं उत्तर

दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी दोन बायका बसल्या होत्या. नणंद आणि भावजय. दोघी बुटांच्या एकाच कारखान्यात सोल चिकटवायच्या.

“ताई, मी काम सोडल्यावर त्या चिकटवायच्या सोल्युशनवर बंदी आली म्हणे.”

“हो. गेल्या महिन्यात सगळे डबे उचलून नेले.”

“मला त्याचा वास आवडायचा.”

“माझं तर डोकं धरायचं.”

“मागं ते तपासणीचे साहेब आले होते ना, त्यांनी तुम्हाला काय विचारलं होतं?”

“कुणाच्या हातापायांना मुंग्या येतात का, म्हणाले.”

“मग?”

“नाही म्हणून सांगितलं.”

“मला येत होत्या, ताई. तुम्हाला बोलले होते मी.”

“बोलली होतीस. पण आदल्या दिवशी मालकानं दम दिला होता, तोंड उघडलं तर चाळीस जणी घरी बसाल म्हणून. तुला तर मीच चिकटवलं होतं तिथं.”

“तेव्हाच खरं सांगितलं असतंत तर?”

“दोन वर्षं आधीच बंद झालं असतं ते. रोज मनात येतं गं. दे मला शिव्या, मोकळी हो.”

“शिव्यांनी माझे पाय थोडेच बरे होणारेत?”

आतून नर्सनं नंबर पुकारला.

“चल, आपलाच आहे. चप्पल घाल.”

“घातलीय की.”

“एकच घातलीयस गं. डावी बाकाखालीच आहे.”

“हो का?”

“थांब, वाकू नकोस. मी घालते.”

“लागला का पट्टा?”

“लागला.”

“मग चला, ताई. हात द्या तेवढा.”