बाईंची भुकटी आणि मी, शंकासुर

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई, आणि समोर बसलेल्या सहकारी बंधुभगिनींनो,

बाईंबद्दल गोड बोलणारे इथे पुष्कळ आहेत, आणि ते बोललेही. मग मला का उभं केलं असावं? बाईंच्या प्रयोगशाळेत माझं नाव शंकासुर आहे. नवी वस्तू पेशंटपर्यंत जाण्याआधी ज्या समितीची मंजुरी लागते, तिचा मी प्रमुख. बाईंची भुकटी तिथे वर्षानुवर्षं मीच अडवून धरली आहे.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. दात पडला की त्याखालचं जबड्याचं हाड झिजतं. तिथे कृत्रिम दाताचा स्क्रू बसवायचा, तर त्याला धरून ठेवायला हाड हवं. बाईंची भुकटी त्या खड्ड्यात भरायची. तिच्या आधाराने नवं हाड वाढतं आणि भुकटी हळूहळू विरघळते. माझी शंका एकच. स्लॅब पक्का होण्याआधीच खालच्या सेंटरिंगचे टेकू काढले तर? भुकटी आधी विरघळली तर आत पोकळी राहील, आणि स्क्रू प्रत्येक घासाला हलेल. चाचणीसाठी ती मेंढ्यांच्या जबड्यात भरली, तेव्हा काही ठिकाणी तसं झालंही होतं.

मग माझ्यावरच पाळी आली. जबड्यात गाठ झाली, आणि ती काढताना तिच्याबरोबर उजव्या बाजूचं हाड गेलं. सर्जन म्हणाले, कमरेचं हाड काढून इथे लावू. आधीच मधुमेह, त्यात दुसरी जखम. सरळ सांगतो, मी फार घाबरलो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "जिची भुकटी अडवलीत तिच्याकडेच जाणार? कोणत्या तोंडाने?"

म्हटलं, जे उरलंय त्या तोंडाने.

बाईंनी मला खुर्चीत बसवलं, आरसा घालून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही."

"अहो, मी स्वतः तयार आहे."

"तुमच्या शंकेचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. कमरेचंच हाड घ्या."

"बाई, सूड उगवताय का?"

त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. "सूड उगवायचा असता तर आत्ताच भरली असती."

मी कमरेचं हाड घेतलं. जिने चढताना कंबर अजून कुरकुरते, पण आज तुमच्यापुढे शब्द नीट उमटताहेत ते त्याच हाडावरच्या दातांमुळे.

आता अवघड भाग. मघाशी अध्यक्ष महोदयांनी जाहीर केलं की बाईंच्या सन्मानार्थ भुकटीला याच मंचावर मंजुरी मिळेल. टाळ्या झाल्या. माझेही हात उठले होते, मग खाली आले. अध्यक्ष महोदय, आपला मान राखून सांगतो, मेंढ्यांची नवी तपासणी अजून पूर्ण झालेली नाही. ती होईपर्यंत मी मंजुरी देणार नाही. फुलांच्या गुच्छाबरोबर तर नाहीच नाही.

बाईंची उभी हयात या भुकटीत गेली, आणि त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी हे बोलतोय. पण विचार करा. त्या दिवशी शंकासुराचाच जबडा त्यांच्यापुढे उघडा होता. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? तो घास त्यांनी सोडला. अशा बाईला मी भेट म्हणून कच्ची मंजुरी देऊ? तो त्यांचा अपमान होईल.

माझी एक विनंती मात्र आहे. बाईंनी सकाळी प्रयोगशाळेची चावी कार्यालयात जमा केली. ती त्यांना परत द्यावी. बाई निवृत्त झाल्या आहेत, मेंढ्या झालेल्या नाहीत.

आपण सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, मनापासून आभार. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. बाई, तुमची मात्र माफी मागत नाही. माझी डावी दाढ हलायला लागली आहे, आणि तिथे पुन्हा कमरेचंच हाड लावू म्हणून सर्जन मागे लागलेत. मी त्यांना सांगितलंय, घाई नको. ती जागा बाईंसाठी राखून ठेवली आहे.