पलंगाच्या बदल्यात उशी

म्हातारी: या, दार नुसतं लोटलेलंच असतं. म्हणजे नर्सबाईच ना तुम्ही? मुलगा महिनाभर म्हणतोय, आज पाठवतो, उद्या पाठवतो. बसा. ती खुर्ची डगमगते, भिंतीला टेकवून बसा.

पाहुणी: नर्स नाही मी, मावशी. रंगाच्या दुकानात काउंटरला असते. पण आलेय ती तुमच्या मुलामुळेच.

म्हातारी: रंगाच्या दुकानात? घर रंगवायला काढतोय की काय सोन्या? मला काही बोलला नाही. बरं, आधी मला जरा उठवून बसवा. रिमोट उशाशी आहे. वरचं बटण.

पाहुणी: वरचं एकदम दाबलं की अडकतं ते. आधी खालचं जरासं दाबायचं, मग वरचं. हे असं. मान ठीक आहे?

म्हातारी: अगदी. सोन्या दरवेळी दाबून दाबून वैतागतो, आणि मग राग माझ्यावर काढतो. तुमच्याकडेही असलाच पलंग आहे वाटतं?

पाहुणी: होता. असलाच नाही, हाच.

म्हातारी: हाच कसा असेल? हा नवाकोरा आहे. त्याने परदेशातून मागवला माझ्यासाठी.

पाहुणी: डाव्या बाजूचा कठडा खाली घेताना कुरकुरतो ना? आमचे हे त्यालाच धरून कूस बदलायचे. त्यांच्या हाताने तिथला रंग गेलाय, चार बोटांएवढा. चादर सरकवून बघा.

म्हातारी: मला वाकता येत नाही. पडल्यापासून कंबर धरतच नाही. तुम्हीच सरकवा... हं. आहे खरा. मला वाटलं, कारखान्यातच घासला असेल.

पाहुणी: दोन वर्षं ते यावर होते. गेले तेव्हाही यावरच होते. नंतर घरात पलंग तेवढा उरला. येता-जाता मी त्यावर आपटायची आणि प्रत्येक वेळी तोंडातून निघायचं, "लागलं का हो तुम्हाला?" शेवटी जाऊबाई म्हणाल्या, विकून टाक, नाहीतर तुझं डोकं फिरेल. जुन्या वस्तू विकायची एक साइट आहे, तिच्यावर फोटो टाकले.

म्हातारी: आणि सोन्याने घेतला.

पाहुणी: तीनदा फोन केला त्याने. आवाज इतका मऊ की कापूस परवडला. म्हणाला, आई अंथरुणाला खिळलीय, तिच्या पाठीला जखमा झाल्यात, मला रात्र-रात्र झोप नाही. मी किंमत उतरवली, मावशी. त्याने मागितलंही नव्हतं, मीच उतरवली.

म्हातारी: जखमा झाल्या होत्या. ते खोटं नाही.

पाहुणी: आता दिसतंय मला. पण मधले सगळे महिने मी असंच धरून चालले होते की ही आईसुद्धा बनावट असणार. प्रत्येक ठकाची आई आजारी असते.

म्हातारी: ठक कुणाला म्हणताय? शब्द जपून वापरा. माझ्या मुलाच्या घरात बसला आहात तुम्ही.

पाहुणी: पुढचं ऐकून घ्या, मग तुम्हीच शब्द सुचवा. त्या साइटवर घेणाऱ्याचे पैसे आधी कंपनीकडे जमा होतात. माल हातात पडला, ठीक आहे, असं त्याने कळवलं की कंपनी ते आपल्याला देते. पलंग नेला त्या दिवशी याने मला नमस्कार केला, वाकून. आणि चौथ्या दिवशी कंपनीला कळवलं की मोटर बंद आहे, बाईने फसवलं, माझे पैसे परत द्या.

म्हातारी: मोटर कधीच बंद नव्हती.

पाहुणी: हेच मी कंपनीला घसा सुकेपर्यंत सांगितलं. फोनवर दरवेळी नवा माणूस, आणि दरवेळी मी पहिल्यापासून. नवऱ्याच्या मरणापासून सुरुवात करावी लागायची. एक मुलगी तर म्हणाली, मॅडम, थोडक्यात सांगा. शेवटी कंपनीचा निकाल आला की घेणाऱ्याने पलंग परत पाठवावा आणि आपले पैसे घ्यावेत. मी म्हटलं, जाऊ दे, पलंग तर परत येतोय. अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी बसले. पार्सल आलं. ते एका माणसाने काखेत धरून आणलं.

म्हातारी: पलंग काखेत?

पाहुणी: उशी होती आत. पलंगाच्या बदल्यात उशी. पण कंपनीच्या दफ्तरी नोंद झाली, पार्सल पोचलं, सही मिळाली. त्याचे पैसे त्याला परत. आणि मला निरोप आला, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे, आमची सेवा कशी वाटली ते कळवा.

म्हातारी: उशी कसली होती?

पाहुणी: साधी. निळा अभ्रा, कोपऱ्यात इस्त्रीने भाजल्याचा डाग.

म्हातारी: तो डाग माझ्या हातचा आहे. मी त्याला विचारत होते, माझी उशी कुठे गेली. म्हणाला, वाळत घातली होती, वाऱ्याने उडाली. चौथ्या मजल्यावरून उशी उडाली म्हणे, आणि मी ते खरं मानलं.

पाहुणी: मावशी, तुम्ही नका त्रास करून घेऊ. मी तुमच्याशी भांडायला आलेले नाही. घर शोधून काढलं ते पलंग इथे आणणाऱ्या टेंपोवाल्याकडून. त्याचा नंबर माझ्याकडे राहिला होता. तो खाली उभा आहे, एक माणूस घेऊन. मी ठरवून आले होते की तुमचा मुलगा घरी असेल, जिन्यावर उभी राहून आवाज चढवायचा, चारही मजल्यांची दारं उघडली की त्यांच्यादेखत विचारायचं आणि पलंग उचलायचा. दुकानात रोज रंग ढवळताना मी त्याला डब्यात बुडवून वर काढत होते. एक दिवस हिरवा, एक दिवस काळा. केसाने गळा कापला त्याने माझा. माझ्या माणसाची शेवटची जागा होती ती, आणि कागदोपत्री चोर ठरले मी.

म्हातारी: त्याने किती दिले होते तुला? म्हणजे, द्यायचं ठरलं होतं?

पाहुणी: नव्याच्या पावपटही नाही.

म्हातारी: मला त्याने नव्याची किंमत सांगितली. माझ्या पाटल्या होत्या दोन. माझ्या आईच्या. त्या काढून दिल्या मी. साबण लावून काढाव्या लागल्या, हात सुजला होता. म्हणाला, आई, तुझ्यापुढे सोनं काय आहे?

पाहुणी: म्हणजे पाटल्या विकल्याचे पैसेही त्याच्याकडे, मला द्यायचे तेही त्याच्याकडे.

म्हातारी: आणि पलंगही. एक मिनिट थांब. मोटर बंद आहे असं तो म्हणाला, तर कंपनीने नुसत्या त्याच्या तोंडावर विश्वास ठेवला?

पाहुणी: राहू दे ते, मावशी.

म्हातारी: राहू दे कशाला? इतकं सांगितलंस, तेही सांग.

पाहुणी: त्याने व्हिडिओ पाठवला होता. पुरावा म्हणून कंपनीने तो मलाही दाखवला. रिमोट दाबतोय आणि पलंग हलत नाही. कोपऱ्यात तुमचे पाय दिसतात, राखाडी मोजे घातलेले. तेव्हा मला वाटलं, कुणी भाड्याची बाई आणून निजवलीय. आणि मागून आवाज येतो.

म्हातारी: कुणाचा?

पाहुणी: तुमचा.

म्हातारी: लाव.

पाहुणी: मावशी...

म्हातारी: लाव म्हणते ना. कानाजवळ धर.

(पाहुणी फोन तिच्या कानाशी धरते. फोनमधून आवाज येतो: "अरे, हा वर होत नाही रे. पाठ दुखतेय माझी. काय झालंय याला?")

म्हातारी: त्या दिवशी तो म्हणाला, वीज गेलीय. मी म्हटलं, पंखा तर फिरतोय. तर म्हणाला, पलंगाची लाइन वेगळी असते. मग मोबाइल समोर धरून म्हणाला, आई, काय होतंय ते मोठ्याने सांग, मेकॅनिकला पाठवायचंय. मी मोठ्याने सांगितलं. खोटी साक्ष दिली मी, आणि मला पत्ताही नाही.

पाहुणी: प्लग काढून ठेवला असणार.

म्हातारी: पाठ खरंच दुखत होती गं. तासभर तसंच ठेवलं होतं त्याने मला. दोनदा बोलायला लावलं, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून.

पाहुणी: पाणी देऊ?

म्हातारी: नको. खालच्या माणसांना वर बोलाव.

पाहुणी: कशाला?

म्हातारी: पलंग न्यायला आलीस ना? मग ने.

पाहुणी: मी तुम्हाला बघितलं त्याच क्षणी तो विचार सोडला. त्याच्यावर राग आहे माझा. तुमच्या अंगाखालून पलंग ओढून न्यायला मी काही कसाई नाही. पैसे तो हळूहळू देईल, तुम्ही सांगा त्याला. नाही दिले तर माझं नशीब.

म्हातारी: माझी दया करून त्याला सोडवू नकोस. आजवर सगळ्यांनी हेच केलं. घरमालकाने भाडं सोडलं, आई आजारी आहे म्हणून. त्याच्या साहेबाने दोनदा माफ केलं, आई आजारी आहे म्हणून. सून सोडून गेली तेव्हा तिनेसुद्धा तक्रार केली नाही, माझ्याकडे बघून. माझ्या आडून पोट भरतोय तो. मी या पलंगावर आहे तोवर त्याला कुणी हात लावणार नाही.

पाहुणी: पण तुम्ही झोपणार कुठे?

म्हातारी: खाली. गादी माझी आहे, ती जमिनीवर घाल. पूर्वी आम्ही सगळे जमिनीवरच झोपायचो.

पाहुणी: पाठीला पुन्हा जखमा होतील. मी दोन वर्षं केलंय हे, मला माहीत आहे.

म्हातारी: माझी बहीण परवा येतेय. ती मला घेऊन जाईल, केव्हाची म्हणतेय. मीच जात नव्हते, सोन्याचं कसं होईल म्हणून. दोन दिवसांत काही मरत नाही मी. आणि ऐक, हा पलंग उंच आहे. त्याला माझं काही करायला वाकावं लागत नाही, उभ्या उभ्या उरकतो, एका हातात मोबाइल धरून. मी खाली असले की त्याला गुडघे टेकावे लागतील. दोन दिवस टेकू देत.

पाहुणी: मावशी, मी इतकं योजलं नव्हतं.

म्हातारी: तू परकी आहेस. तुला कुठून सुचणार? बोलाव त्यांना.

टेंपोवाला: ताई, जिन्याचं वळण अरुंद आहे. पाय सुटे करावे लागतील. मावशी, आमच्यावर राग धरू नका. आम्ही भाड्याची माणसं.

म्हातारी: तूच वर चढवला होतास ना? मग वळण तुला ठाऊक आहे. आधी मला उतरवा.

पाहुणी: मी धरते. तुम्ही दोघं लांब राहा. मावशी, माझ्या गळ्यात हात घाला. नाही, दोन्ही. पाठ मी धरलीय. ओझं टाका माझ्यावर, घाबरू नका.

म्हातारी: नवऱ्याला असंच उचलायचीस?

पाहुणी: असंच. ते तुमच्यापेक्षा जड होते, आणि हसवायचे मध्येच, मग दोघं पडायचो.

म्हातारी: हां. लागलं नाही. भिंतीकडे नको, दाराकडे तोंड करून बसव मला.

टेंपोवाला: ताई, आम्ही हा भाग घेऊन उतरतो. कठडे दुसऱ्या फेरीत.

म्हातारी: रिमोट विसरू नका. आणि बाई, तो परत विकशील ना, तर रोख घे. दारातच मोजून.

पाहुणी: विकणार नाही आता. दवाखान्यात देऊन टाकते. नाहीतर काय करेन, तेही ठरवलेलं नाही. खरं सांगू? वाटलं होतं, पलंग जिना उतरला की छातीवरचा दगड उतरेल.

म्हातारी: नाही उतरला?

पाहुणी: थोडा उतरला. थोडा इथे ठेवून चालले असं वाटतंय. मी थांबू का, तो येईपर्यंत? मला त्याच्याशी बोलायचंच होतं.

म्हातारी: नको. त्याला यायला अजून दोन तास आहेत. आणि तू असलीस तर तो तुझ्याशी भांडत बसेल. आवाज चढवेल, कायदा शिकवेल, मधूनच रडेलसुद्धा. मी एकटी असले की त्याला माझ्याकडेच बघावं लागेल.

पाहुणी: आणि गोड बोलायला लागला तर?

म्हातारी: लागेलच. मोठ्याने सांगायला लावीन त्याला. दोनदा.

पाहुणी: बरं. पाण्याचा पेला भरून तुमच्या हाताशी ठेवते.

म्हातारी: हाताशी नको. तिकडे टेबलावर ठेव.

पाहुणी: तहान लागली तर? दोन तास कसे काढाल?

म्हातारी: लागू दे. तोच पाजेल, गुडघे टेकून. जाताना दार उघडंच ठेव, चारही मजल्यांना ऐकू जाऊ दे.