कमानपुलाचं फाटक

ऐका. शेकोटीत अजून दोन काटक्या टाका आन् गप बसून ऐका. मधी कुनी हसायचं न्हाई. ही हसायची गोष्टच न्हाई.

अवसंच्या आदल्या राती भैरू येडगे घरातनं भायेर पडला. जेवन झालं व्हतं. खांद्यावर घोंगडी, हातात बॅटरी, कंबरंला किल्ल्या. बायकू दारात आडवी आली.

"आवं, या टायमाला कुठं निघालासा?"

"सकाळी नव्या गाडीची चाचनी हाय. उजाडायच्या आत पल्याडच्या ठेसनात हजर व्हायला सांगितलंय सायबानं."

"मग हायवेनं जावा. पुलावरनं नगा जाऊ. लोक काय काय बोलत्यात."

"लोकांचं काय! आगं, पूल माज्या ताब्यात हाय. म्याच न्हाई जायाचं, तर कुनी जायाचं?"

आन् निघाला की बाबा!

आता पुलाचं सांगतो, कारन तुमच्यातल्या बारक्यांनी त्यो पायाखाली घातलेला न्हाई. आपल्या नदीवरचा कमानपूल. काळ्या दगडाच्या उंच उंच कमानी, नदी वलांडून पार शहराच्या अंगाला गेलेल्या. पूर्वी त्याच्यावरनं छोटी गाडी जायाची. ती बंद पडली, रूळ उपटून नेलं, पूल ऱ्हायला. मग त्यो आमचा झाला. दूधवालं त्याच्यावरनं जायाचं, पोरं साळंला जायाची, म्हातारी मानसं दवाखान्यात जायाची. मोठा दवाखाना पल्याडच, पुलाच्या तोंडाला. हिकडं बिडी पेटवली की ती विझायच्या आत मानूस पल्याड!

मग शहरातली मेट्रो वाढवायची ठरली. नवं खांब कशापायी उभारायचं, ह्या जुन्या दगडी पुलावरच रूळ टाकू, असं ठरलं. खोटं कशाला बोलू, शहानपनाचंच काम हाय ते. चांगलं बांधलेलं वाया का घालवायचं? सायेब गावात आला, चावडीम्होरं उभा ऱ्हायला. म्हनाला, "गाडी तुमच्या गावावरून जाणार!" आमी टाळ्या वाजवल्या. गावावरनं म्हंजी डोक्यावरनं, हे कुनाच्या ध्यानात आलं न्हाई! ठेसन पल्याड झालं, दुसरं पार म्होरं कारखान्यांपाशी. आपल्याला ठेसन न्हाई. आपल्याला काय मिळालं? पत्र्याचं फाटक. आन् फाटकावर राखनदार म्हनून आपलाच भैरू.

भैरू मानूस वाईट न्हाई बरं का. कुनाचं वाकडं केलं न्हाई त्येनं. पन उभ्या जन्मात पयल्यांदा त्येला कुनी युनिफारम दिला व्हता. हुकूम दिला व्हता. "काम चालू आहे, कठडे काढलेत, एकही माणूस सोडायचा नाही." भैरूनं ते पाठ केलं.

आन् मग ती रात आली. न्हाई, ही अवसंच्या आदली न्हाई. त्याच्याबी लई आदीची.

दौलत मगराची बायकू, सुगंधा. पयलटकरीन. सासरी येऊन दीड वरीस झालेली पोर, कुनीबी दारात गेलं की पानी पुसायची, बस म्हनायची. तिला कळा लागल्या. मूल आडवं हाय, सुइनीनं हात टेकलं, दवाखान्यात न्या म्हनाली. चौघांनी बाज उचलली आन् पळत पळत फाटकाला आलं.

"नाना, फाटक उघडा!"

भैरू आतनं म्हनाला, "हुकूम न्हाई. हायवेनं जावा."

"नाना, हायवेनं लांबचा येढा हाय. गाडी मिळायला वकूत लागंल. तुमी आमच्या लग्नात अक्षता टाकल्यात!"

"दौलत, पोरा, कठडं काढल्यात. वरनं कुनी पडलं तर माजी नोकरी जाईल. सायबाचा हुकूम हाय. हायवेनं जा."

पत्र्याला एक फट व्हती. त्या फटीतनं बाजंवरनंच सुगंधानं हात घातला. डोहाळजेवनाचा हिरवा चुडा हातात. "मामंजी," म्हनाली, "उघडा की वो. मी पडायची न्हाई." किल्ली भैरूच्या मुठीत व्हती. मूठ उघडली न्हाई.

ती हायवेवरच गेली. पोटातल्या लेकरासकट.

आन् गावाचं बघा! म्हैना झाला न्हाई तंवर गाव म्हनाय लागलं, सुगंधा हडळ झाली. बाळातपनात गेलेली, पुलावर बसती. मेली ती, आन् बदनाव बी तीच! ऱ्हाऊ द्या. भैरूकडं येतो.

भैरूनं फाटक उघडलं, आत गेला. साखळीला आतनं कुलूप घातलं, वडून बघितलं. मग चालाय लागला. नवे रूळ अंधारात चकाकत व्हते. पल्याड ठेसनाचे दिवे लखलखत व्हते. सरळ वाट. फाटा न्हाई, वळन न्हाई. रानात चकवा लागतो, बाबांनो, पन पुलावर कसा लागंल? असं भैरूच मनाशी म्हनाला.

थोडा गेला. मागनं पावलं वाजली.

थांबला. पावलं थांबली.

चालला. पावलं चालली.

"कोन हाय?" बॅटरी मारली. कुनी न्हाई. नुसती खडी. भैरूनं पाय उचलला. तंवर म्होरनं बाईचा आवाज आला.

"मामंजी, चुना हाय का?"

पुलाच्या उघड्या कडंला कुनीतरी बसलं व्हतं. डोईवर पदर, तोंड नदीकडं. ऐका बरं, रातचं कुनी चुना मागितला तर हातावर द्यायचा न्हाई, हे आपल्याला आईनं शिकवलेलं. भैरूनं डबी काढली, खाली दगडावर ठिवली, आन् मान खाली घालून फुडं झाला.

पाठीमागनं आवाज आला. "चुना नगं. हात द्या. मला उठवत न्हाई."

आवाज वळखला त्येनं! पळाला! घोंगडी पडली, वळून बघितलं न्हाई. पळतोय, पळतोय, ठेसनाच्या दिव्यांकडं पळतोय. दिवे जवळ येईनात! जेवढा पळावा तेवढं तिथंच! खाली नदीचं पानी वाजतंय, वाजतंय, नदी काय सरंना. केवढी ती नदी? उन्हाळ्यात म्हशी चालत जात्यात आपल्या! पन ती सरंना. तोंडाला फेस आला, छातीचा भाता झाला.

"मागं फिरतो," म्हनला. "घरला जातो. नगं ती चाचनी."

मागं फिरला, आन् बघतो तर काय! दोन हातांवर फाटक!

देवा! एवढा येळ पळाला, आन् जागचा हललाच न्हाई? असू दे. जीव तर वाचला. किल्ली काढली, साखळी चाचपली. कुलूप न्हाई. आतनं घातलेलं कुलूप, स्वताच्या हातानं घातलेलं, ते आता पत्र्याच्या पल्याड लटकत व्हतं.

भैरूनं पत्र्यावर थाप मारली. "कोन हाय का भायेर? उघडा!"

पल्याड कुनीतरी खाकरलं. बिडीचा वास आला.

"कोन हाय रं?"

ऐका. ह्यो आवाज कुनाचा व्हता सांगू? भैरूचाच! त्यो आत, आन् त्येचाच आवाज भायेर!

"म्या हाय. भैरू. उघड."

"हुकूम न्हाई. हायवेनं जा."

"आरं, हायवेनं कसा जाऊ? म्या पुलावर हाय! उघड!"

"सायबाचा हुकूम हाय."

तवाच भैरूच्या पोटात कळ आली. अशी कळ, की बाप्यामानसाला ती ठाऊकच नसती. वाकला, गुडघ्यावर आला, पत्र्याला धरून कन्हाय लागला. एक कळ जाती तंवर दुसरी. "मरतो रं! उघड की! तुजं काय जातंय?" पल्याडनं नुसता बिडीचा वास.

आन् रूळ घुमाय लागले.

आदी बारीक. मधमाशी घुमती तसं. मग जोरात. मग पायाखालची खडी थरथराय लागली. भैरूनं मान वळवली. पल्याडच्या टोकाला दिवा दिसला. पांढरा. आन् ह्यो दिवा मात्र जवळ येत व्हता बरं का! डाव्या अंगाला उघडी कड, खाली नदीतलं खडक. उजव्या अंगाला तेच. म्होरं फाटक. मागं गाडी.

दोन्ही मुठींनी पत्रा बडवला त्येनं. बोटं फुटली. "भैरू! आरं भैरू! मी पडायचो न्हाई रं! उघड!" मग स्वताला हाका मारून दमला. कपाळ पत्र्याला टेकवलं आन् हळूच म्हनाला, "सुगंधे. पोरी. मला उघडायला पायजे व्हतं."

रूळ किंचाळाय लागले. उजेड पाठीवर आला. त्येची सावली पत्र्यावर पडली, मोठी झाली.

त्या उजेडात त्येनं बघितलं. पत्र्याच्या फटीतनं हात आत आला. हिरवा चुडा. त्या हातानं साखळी धरली. कुलूप पडल्याचा आवाज झाला. फाटक उघडलं, आन् भैरू तोंडावर भायेर पडला. पाठीवरनं नुसता वारा गेला.

सकाळी गुराखी पोरांना त्यो फाटकाम्होरं सापडला. तोंडात माती, हात रक्तानं भरलेलं. फाटक बंद. कुलूप आतल्या अंगाला, जसंच्या तसं. किल्ली त्येच्या कंबरंला. सायेब म्हनाला, दारू प्याला असंल, रात्री कुठलीच गाडी सोडलेली न्हाई. भैरूनं युनिफारम काढून तिथंच फाटकावर टाकला आन् निस्त्या बनियनवर गावात आला.

घरला न्हाई गेला. सरळ दौलतच्या दारात गेला. तिच्या माघारी दौलत कुनाशी बोलत नव्हता. दार अर्धं उघडून उभा ऱ्हायला. भैरूनं सगळं सांगितलं. पावलं सांगितली, चुना सांगितला, कळा सांगितल्या, हात सांगितला. सांगताना रडला. पाय धरायला वाकला, तर दौलतनं पाय मागं घेतलं.

दौलत मग म्हनाला, "तिनं उघडलं?"

"व्हय."

"उघडलंच असंल. तिचा सोभावच तसा व्हता, नाना. दारात आलेल्याला मागं धाडायची न्हाई."

आन् दार लावून घेतलं.

भैरू त्यानंतर जगला. अजून जगतोय. पन कुनाच्या दारात बसत न्हाई, कुनी बस म्हनलं तरी. दौलत त्येच्याशी पुन्हा बोलला न्हाई. आन् का बोलावं? मेलेल्यानं माफ केलं म्हनून जित्त्यानं करावं, असा काय नेम हाय का?

गाडी मात्र सुरू झाली. बघताच की तुमी. डोक्यावरनं जाती, खिडक्या उजळलेल्या, थंडगार बसलेली मानसं. त्यातलं कुनी खाली बघत न्हाई. बघून तरी काय दिसनार, अंधारात एक गाव. गावातल्या शहान्यांनी पुलाच्या तोंडाला लिंबू-मिरची बांधली, सुगंधाचा बंदोबस्त म्हनून. सायबाचा बंदोबस्त कुनी केला न्हाई. त्यो म्होरच्या पुलाच्या कामावर गेला, वरच्या जागंवर.

तर पोरांनो, त्या वाटंला रातचं जाऊ नका. घाई हाय म्हनून जाऊ नका, लांबचा येढा नगं वाटतो म्हनून जाऊ नका, आमचाच पूल हाय म्हनून तर मुळीच जाऊ नका. ती बिचारी एकदा उघडंल, दरवेळी का उघडावं तिनं?

उठा आता. निखाऱ्यावर पानी मारा. आन् कुनाच्या घरात पोटुशी बाई असंल, तर नववा लागायच्या आदीच तिला हायवेनं पल्याड नेऊन ठिवा. ऐकलं का? आदीच.