गाईचं की पिशवीचं

दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी नंबराची वाट पाहत बसले होते.

“डॉक्टरांना सांग, मी आपल्या गाईचंच दूध पितो. हिरव्या चाऱ्यावरचं.”

“बाबा, त्यांना खरं सांगावं लागेल.”

“मग हे खरंच आहे की! पिशवीचं मला बाधतं, पोट फुगतं. तुझा दादा गावाहून रोज बसने बरणी पाठवतो म्हणून निभावतंय.”

“चार महिने झाले, मी तुम्हाला पिशवीचंच देतेय. बरणीत ओतून.”

“काहीतरीच काय! पोट तर एकदाही फुगलं नाही.”

“तेच तर मलाही कळत नाही.”

“मग आधी का फुगायचं?”

“काय माहीत, बाबा.”

“थांब, माझा घोळ होतोय. दादा दूध का पाठवत नाही? गाय आटली?”

“आपला नंबर येईल आता, बाबा.”

“अगं, आटली तर आटली. पुन्हा व्याली की देईल.”

“बाबा, गाय गेली. थंडीतच गेली. तुम्ही जेवण सोडाल म्हणून सांगितलं नाही.”

“गेली? मग काल दादाने फोनवर मला हंबरणं ऐकवलं, ते कोणाचं?”

“शेजाऱ्यांच्या गाईचं.”

“आणि मी तिच्याशी एवढा वेळ बोलत बसलो!”